तुला आवडायचा तो मासा

आये, तुझ्या तेराव्याला मी मासे खायचे सोडले. मावशी समजावत होती, "अरे, तिका आवडायचो तो एकच सोड रे." पण मी कुणाचं ऐकतोय! सगळेच सोडले. मालवणात राहून मासे सोडणं म्हणजे काय, ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? शेजारून तिरफळं घातलेल्या कालवणाचा वास आला की मी अजून खिडकी लावून घेतो.

आता सून तेच माझ्या अंगाशी आणायला बघतेय. माझा चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला. म्हणे मीच ठेवला! मग एकदा बाजारातून येताना जरा रस्ता चुकलो, तर सुनेने धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह फार कमी आहे म्हणाल्या, मासे न खाल्ल्याने ते घटतं आणि त्यानेही विसरायला होतं. वेळेवर इंजेक्शनं घेतली तर सुधारेल, उशीर केला तर सांगता येत नाही. वर हसून विचारतात, "काका, मालवणात ऱ्हवान मासे सोडलात?" सूनही हसली. दोघी एकाच गावच्या, वैभववाडीच्या निघाल्या. दोघींनी आधीच ठरवलेलं, मी काय ते समजलो. इंजेक्शन नको म्हणून सांगितलं.

लहानपणी ताईच्या ताटातला तुकडा मोठा वाटला म्हणून मी दोन्ही ताटं शेजारी ठेवून बघितली होती. चुलीपुढून मान न वळवता तू म्हणालीस, "तुझो संशयच तुका खातलो." ताई हसते, मी रडतो, आणि तू उठून तुझ्या वाटणीचा तुकडा माझ्या ताटात टाकतेस. तुझा सगळ्यात आवडता मासा होता तो.

आज सून समोर येऊन बसली. डोळे लाल होते. तेही सोंग असेल. म्हणाली, "बाबा, आजयेक आवडायचो तेवढोच सोडा, बाकीचे खावा. खंयचो मासो तो?"

"तुका कित्याक सांगू?" मी ओरडलो, आणि दार लावून लिहायला बसलो.

आये, मला तो आठवत नाही. ताट दिसतं, तुझा हात दिसतो, रस्सा दिसतो. बांगडा, पेडवे, मोरी, सगळी नावं घेऊन पाहिली. तुझ्यासाठी इतकी वर्षं जो सोडला, तोच गेला. मला भीती वाटते गं.

उद्या इंजेक्शन घ्यायला जातो. का ते सुनेला सांगणार नाही. हा कागद गादीखाली ठेवतोय. कुठे ठेवला ते विसरलो, तर शोधून द्यायला तीच आहे.