बिरसीत पाय न ठेवता

चिचगड, ता. देवरी
३ फेब्रुवारी २०२५

चि. बकारामास,
अ. उ. आ.

टीनाच्या लग्नाचं तुझं पत्र पोचलं. १८ एप्रिल. पोरगी एवढी मोठी झाली, वाचून डोळे भरले. तुझी वहिनी रुख्मा येईलच. माझी अडचण तुला ठाऊक आहे. अकरा वर्षांपूर्वी तुझ्या घरभरणीला मी एवढंच म्हणालो होतो, की शेजारच्या विमानतळावर विमान चालवायला शिकणारी ही पोरं एक ना एक दिवस तुझ्या छपरावर पडतील. तू चिडून शपथ घेतलीस की दादाशी बोलणार नाही, आणि मी घेतली की बिरसीत पाय ठेवणार नाही. शपथ ती शपथ. पत्राचं कुणी काही म्हटलं नव्हतं म्हणून बरं.

पण मी वाट काढली आहे. आमचा वीरेंद्र पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याचा गेमचा जुना कॉम्प्युटर इथेच राहिला. त्यात विमान चालवायचा गेम आहे आणि त्यात बिरसीची धावपट्टी आहे. मी लग्नाला विमानाने येईन. इथे खुर्चीत बसून तिथे उतरेन आणि मुहूर्तावर कॉम्प्युटरसमोर अक्षता टाकीन. पाय जमिनीला लागायचा प्रश्नच नाही.

फक्त धावपट्टी जवळ आली की कॉम्प्युटर अडकतो. चित्र थांबतं, आणि पुन्हा सुरू होतं तेव्हा विमान नाकावर पडलेलं असतं. मी अंतर मोजून पाहिलं. दरवेळी तुझ्याच छपरावर पडतो. आजवर नऊ वेळा पडलो. देवरीचा गुड्डू कॉम्प्युटर दुरुस्त करतो, तो म्हणतो प्रोसेसर जुना झाला, बदला. बदलू का? छप्पर तुझं आहे, म्हणून विचारतो.

बोलणं नसलं तरी लोभ असू दे.
तुझा,
केवळराम

बिरसी
१४ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नऊ वेळा पडलास आणि एकदाही चहाला थांबला नाहीस! टीनाची आई म्हणाली, तरीच कौलं हलून राहिली. मी तिला म्हटलं, ती माकडं आहेत, पण तिचा विश्वास तुझ्यावर जास्त.

तरी खात्री करावी म्हणून विमानतळाच्या फाटकावर जाऊन विचारून आलो, की चिचगडहून एक विमान रोज येतं, त्याचं काय करायचं. तिथल्या माणसाने मला सावलीत बसवून पाणी पाजलं. असं विमान त्यांच्या वहीत नाही म्हणाला.

टीनाने समजावलं की प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. सदुसष्टाव्या वर्षी मेंदू बदलायला निघालाच आहेस, तर आणखी कुणाचा बदलून मिळतो का तेही गुड्डूला विचार. माझं मत विचारशील तर बदलू नको. तो नीट चालला तर तू खुर्चीतच बसून राहशील. पोरगी म्हणते, मोठे बाबा मांडवात नसतील तर मी हळदच लावून घेणार नाही. ती तुझ्या वळणावर गेली आहे, शपथ मोडायची नाही. आता हिचं लग्न व्हावं की नाही ते तूच ठरव.

उत्तर लवकर धाड. बायकांचं फोनवर रोज तासभर चालतं, तुझ्या पत्रातलं सगळं मला आधीच कळतं.
तुझा,
बकाराम

चिचगड
२ मार्च २०२५

चि. बकारामास,
अ. उ. आ.

टीनाची शपथ वाचून जेवण गेलं नाही. पोरगी अशी कशी हट्टी निघाली कोण जाणे.

प्रोसेसरचं तीन जण तीन सांगतात. वीरेंद्र म्हणतो, जुन्या कॉम्प्युटरला खर्च कशाला, सगळाच नवीन घ्या. गुड्डू म्हणतो, याच बोर्डात बसेल असा जुनाच पण दमदार प्रोसेसर नागपूरहून मिळेल. रुख्मा म्हणते, कायले डोळे फोडून राहिले, बस सकाळी सुटते. मला मात्र गुड्डूचं पटलं. आपल्या वाडवडिलांनी तलाव बांधले, आपल्याला हे कळायला हवं. चित्र काढणारं कार्ड चांगलं आहे, म्हणजे तलाव भरलेला आहे. पण पाणी सोडायचं तुडूम अरुंद असेल तर शेत कोरडंच राहणार.

तरी एकट्याने ठरवू नये म्हणून तलावाच्या पाणीवाटपाच्या बैठकीत विषय मांडला. धानाचं पाणी राहिलं बाजूला, दोन तास प्रोसेसर चालला. शेवटी मंगरू म्हणाला की तुडूम फोडायच्या आधी गाळ काढा. कॉम्प्युटर उघडला तर पंख्यात मूठभर कोंडा आणि पालीची दोन अंडी निघाली. त्यानंतर फरक पडला. दहाव्या वेळी छपरावर नाही, अंगणात पडलो.

पण अंगण म्हणजे धावपट्टी नव्हे. आणि अंगणात पडलो तर पाय ठेवला असं होतं का, याचा घोर लागला आहे. तू काय म्हणतोस?
तुझा,
केवळराम

बिरसी
१३ मार्च २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अंगणात नाकावर पडलास, पायावर नाही. शपथ शाबूत आहे.

टीना म्हणते, बदलू द्या त्यांना प्रोसेसर. एकदा धड उतरू द्या, इथे काय दिसतं ते बघू द्या. मला काही कळलं नाही, पण पोरीचा शब्द आहे. तेव्हा बदल. मी हरलो.

खरं सांगू का दादा, अकरा वर्षं या घरावरून विमान गेलं की मी वर बघतो. तुझं बोलणं खरं होईल या भीतीने नाही. तू आठवतोस म्हणून.
तुझा,
बकाराम

चिचगड
५ एप्रिल २०२५

चि. बकारामास,
अ. उ. आ.

प्रोसेसर बदलला. गुड्डूने जुना काढला तेव्हा त्याच्यावरचा गार ठेवायचा लेप वाळून खडखडीत झाला होता. म्हणाला, काका, हा तापून तापून हट्टी झाला होता, नवीन काही आत घेतच नव्हता. रुख्मा माझ्याकडे बघत राहिली.

काल उतरलो. विमान कुठेही अडकलं नाही, लोण्यासारखं टेकलं. आता चित्र इतकं साफ दिसतं की गवताची पाती मोजावीत. आणि बकाराम, तिथे तुझं घरच नाही. इतके दिवस धुरकट दिसत होतं म्हणून मी छप्पर समजलो, ते नुसतं गवत होतं. नऊ वेळा मी गवतावर पडलो.

तरी म्हटलं कुणी घ्यायला येईल. धावपट्टीच्या टोकाला विमान उभं करून पाऊण तास बसलो. तू आला नाहीस. टीना आली नाही. रुख्माने चहा आणून दिला तो निवून गेला. एवढं चांगलं उतरून इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

जुना प्रोसेसर मी फेकला नाही. खारी बिस्किटाएवढा चौकोन आहे. मी विचार केला, ही शपथ घेतली कुणी? जुन्या मेंदूने. तो तर आता कागदात गुंडाळून माझ्या खिशात आहे. मांडव घालायच्या दिवशी सकाळच्या बसने निघतो. टीनाला हळद भिजवायला सांग.
तुझा,
केवळराम

बिरसी, मांडवात, तुझ्या शेजारून
१८ एप्रिल २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू आलास. दारात पाय धुतलेस, आत पाय ठेवलेस. मांडवाची मेढ रोवायच्या खड्ड्यात हळद-सुपारीबरोबर तो चौकोन टाकलास तेव्हा भटजींनी हा कुठला देव म्हणून विचारलं, आणि मी हसलो, पण बोललो नाही. कारण तुझी शपथ सुटली, माझी राहूनच गेली. दोन दिवस आपलं एका खाटेवर बसून उरलेल्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर चाललं आहे. तू बोलतोस, मी लिहितो. पाहुण्यांना वाटतं माझा घसा बसला.

आता पत्रिका संपल्या, ही शेवटची. टीना गाडीत बसते आहे, तुझ्याकडे बघते आहे, आणि तू डोळे पुसायला माझा रुमाल घेतला आहेस. मघाशी वरून विमान गेलं तेव्हा दोघांनी एकदमच वर पाहिलं.

दादा, त्या चौकोनात जागा असेल तर माझीही शपथ त्यातच घाल. सकाळपासून पाहतो आहे, तू काही खाल्लं नाहीस. हे कागदावर विचारायचं नसतं. पेन ठेवतो आणि तोंडानेच विचारतो.
तुझा,
बकाराम