जयंतच्या कोळंबीला दिवस गेले

गाझियाबाद,
२० जानेवारी २००९

ती. सौ. अरुणाताईस श्रीरंगचा साष्टांग नमस्कार.

तुझी आणि भावजींची तब्येत ठणठणीत असेल. आम्ही थंडीने काकडलो आहोत, बाकी बरे. (फोनच करणार होतो, पण जयंतचं नाव काढलं की तू हसतेस आणि माझं पुढचं सांगायचं राहून जातं.)

फेब्रुवारीत तू येणार आणि जयंतकडे उतरणार, का, तर त्याच्या कोळंबीची पिल्लं बघायची आहेत! ताई, मला हे फार लागलं. तुझ्या दोघा भावांत मी थोरला, चौथ्या मजल्यावर; तो धाकटा, अकराव्या. या नव्या टॉवरमध्ये आल्यापासून आपली माणसं लिफ्टने माझा मजला ओलांडून वर जातात.

ही शोभेची लाल कोळंबी आम्ही दोघांनी दसऱ्याला एकाच दुकानातून आणली. दिल्लीकडची थंडी त्या इवल्या जिवांना कशी सोसवणार, म्हणून मी टाकीत हीटर सोडला, खोलीत ब्लोअर लावला. (मी स्वतः दोन स्वेटर घालून बाहेर बसायचो.) जयंतने काय केलं? काही नाही. टाकी गारठ्यात ठेवून खुशाल ऑफिसला गेला. पिल्लं दोघांकडे झाली, मी पेढेही वाटले. पण माझी मोठी झाली ती जवळजवळ सगळे नर: बारके, फिकट, दिवसभर बायको शोधत भिरभिरणारे. त्याच्याकडे लालबुंद माद्याच माद्या, पोटाखाली अंडी घेऊन मिरवतात! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे आलेल्या बायका वाण हातात घेऊन सरळ वर गेल्या. (हेमांगीसुद्धा. माझी बायको!) पार्वतीकाकूंनी तर त्या टाकीला हळदकुंकू लावलं.

वर जयंत मलाच शिकवतो, "दादा, तुझा हीटरच नडतोय यार. पिल्लं गरम पाण्यात वाढली की नर जास्त, गारव्यात वाढली की माद्या. बिल्कुल सिंपल!" म्हणजे मायेने वाढवलं त्याला शिक्षा आणि हयगय केली त्याला लेकी. मी जळतो, ताई. लपवत नाही.

तुझा,
श्रीरंग

ता. क. : तू आधी आमच्याकडेच उतर. गाडीची वेळ जयंतला सांगू नकोस.

ता. क. २ : जयंत आत्ताच येऊन अंड्यांवरच्या दोन माद्या देऊन गेला. (असा मोठेपणा करतो म्हणूनच डोक्यात जातो.) टाकी पाहुण्यांच्या खोलीत आहे. आजपासून तिथला हीटर, ब्लोअर सगळं बंद. कानटोपी, पायमोजे, जाड रजई घेऊन ये. कितीही हुडहुडी भरली तरी बटणाला हात लावायचा नाही. या खेपेला मला मुलीच हव्यात.