हातात भरलेल्या बांगड्या

तिरोडा, १२ जून १९५६

प्रिय रुख्माताई,

तुझ्या सासरचं आमगाव आणि नागपूर, दोन्हीकडच्या शाळांचे नेमणुकीचे हुकूम पंधरा दिवसांपासून माझ्या उशाशी पडून आहेत. उद्या होकार कळवायचा आहे. बाबा म्हणतात, "बी.ए. तू झाली, तूच ठरव." सकाळी एक ठरवते आणि संध्याकाळपर्यंत दुसरीसाठी जीव तुटतो. माझाच मला संताप येतो.

गेल्या महिन्यात तू माहेरी असताना कासारीण आली होती. आईने न विचारता तुझ्या हातात हिरव्या बांगड्या भरायला लावल्या आणि तू खूश झालीस. मी तिची सगळी टोपली उपसली, निळ्या भरल्या आणि दिवसभर लाल का घेतल्या नाहीत म्हणून कुरकुरले. तू हसलीस, "भरल्या ना आता? त साबणानंबी निघत नाही. दुसऱ्याकडे काऊन पाहून राहिली, पोरी?"

त्यावर बाबा म्हणाले, "पाय बरं, रुख्माले लग्नात कोणी इचारलं होतं? सुखात आहे ना!"

ते मला अजून डाचतं. तू सुखी आहेस म्हणून तुला न विचारणं बरोबर कसं ठरतं? विचारलं असतं, तर तू हेच घर निवडलं असतंस का?

हे पत्र मनिराम भाऊजी सासूबाईंसमोर तुला वाचून दाखवतील आणि तू हसून "हो" म्हणशील. म्हणून ते पाठवत नाही.

आमगावची शाळा घेते. नागपूरची हळहळ वाटेल, वाटू दे. दर रविवारी पाटी घेऊन तुझ्याकडे येईन. तुला वाचता आलं की हे पत्र तुझ्याच हातात देईन. उत्तर तू स्वतः लिही.

तुझी हट्टी,
शेवंता