मज्जेत मुरलेलं

४ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,

नमस्कार. मी बरी आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? माझं मागचं पत्र तुम्ही लाल शाईने तपासून परत पाठवलंत, ते मिळालं. चुका पाहिल्या.

प्रयोगशाळेत मी नेमकं काय करते, असं तुम्ही विचारलंत. रक्तात पहिल्या फळीच्या पेशी असतात. कुठलाही जंतू शिरला की आधी त्या धावतात. त्यांना काही आठवत नाही, असं पूर्वी मानत. पण आठवतं. एकदा एखाद्या जंतूशी गाठ पडली की पुढे भलताच जंतू आला तरी त्या अधिक जोराने तुटून पडतात. घाव कुणाचा होता हे त्यांच्या लक्षात राहत नाही. बसला होता, एवढंच राहतं. त्या पेशी मरतात, पण सवय हाडांच्या मज्जेत मुरते आणि तिथून नव्या पेशी शिकूनच बाहेर पडतात. याच्या आधारे एका लशीने अनेक आजार रोखता येतील, असं आमच्या मोठ्या बाईंना वाटतं. मात्र अशा चिडलेल्या पेशी कधी स्वतःचेच सांधे खातात. म्हणून ती आठवण पुसणारं औषधही आम्ही शोधतो आहोत. अजून सापडलेलं नाही.

परवा बाईंनी माझ्या डोक्यावरच्या मांडणीवरून बाटली घ्यायला हात उचलला. मी झटकन दोन्ही हात काखेत दडवले. ट्रे खाली पडला, सगळ्या पेशी फरशीवर.

"अगं, मी काय मारणार होते का तुला?" बाई म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले. बाई मायाळू आहेत, हे मुद्दाम लिहिते.

ताईशी फोनवर बोलले. तिच्या छकुलीला शाळेत न घालता तुमच्याकडे ठेवायचं ठरलंय म्हणे, आम्हाला शिकवलंत तसंच शिकवायला. तुम्ही पाटी आणलीत. लाकडी पट्टीही शोधून ठेवलीत.

मी नको म्हटलं. ताई म्हणाली, "काहीतरीच तुझं! बोटांवर चार पट्ट्या खाल्ल्यास म्हणून तर एवढी शिकलीस. नाहीतर बाबा म्हणायचे तशी मठ्ठच राहिली असतीस."

मी विचारलं, "ताई, झोपताना तू हात कुठे ठेवतेस?"

तिने छकुलीला बाहेर खेळायला पाठवलं. मग म्हणाली, "उशीखाली."

छकुली येणार नाही, बाबा. पाटी कुणाला तरी देऊन टाका. घरात तुम्ही एकटे पडाल, हे आम्हा दोघींना ठाऊक आहे. ते धरूनच ठरवलं.

हे पत्र तपासून परत पाठवू नका. मी खोली बदलली आहे. नवा पत्ता कळवत नाही.

तुमची,
मठ्ठ