वरच्या मजल्यावरची गोड बातमी

प्रिय गुंडाबाई,

मावशीकडच्या तुझ्या खोलीत सकाळचं ऊन येतं आणि तुला आता दुपारची झोप लागते, असं ती फोनवर म्हणाली. ऐकून बरं वाटलं. इकडे जाकिटाची पाठ आणि पुढचे दोन्ही भाग झालेत, एक बाही झाली, दुसरी सुयांवर आहे. पिवळा रंग मुद्दाम घेतला, म्हणजे मुलगा आला काय, मुलगी आली काय, चालेल. गुरुवारी वाचनालयातल्या आमच्या विणकाम मंडळात मात्र मी ते पिशवीतून बाहेर काढत नाही. तिथं आपला राखाडी मफलर घेऊन बसते. चार गुरुवार झाले, तो मफलर काही संपत नाही. शिंपीणकाकूंनी विचारलंच, जिराफासाठी विणताय का म्हणून. सगळ्या हसल्या. निवृत्त नर्सबाई तेवढ्या हसल्या नाहीत. निघताना माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, बाळाच्या जाकिटाला पुढून बटणं लावा, डोक्यातून घालायचं असलं की पोरं कावतात. मी त्यांना एका अक्षरानं काही सांगितलेलं नाही. पिशवीच्या तोंडाशी पिवळा धागा लोंबत होता, तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं. तेव्हापासून पिशवीला गाठ मारते.

लहानपणी तू माझ्यासमोर दोन्ही हात पुढे करून बसायचीस, मनगटांवर लोकरीची लडी अडकवून, आणि मी गुंडा करायचे. हात दुखले तरी सांगायची नाहीस. म्हणून तर बाबांनी तुझं नाव गुंडाबाई पाडलं. सव्वीस दिवसांपूर्वी सकाळी तू दारात उभी राहिलीस, तेव्हा तुझी तीच मनगटं आधी दिसली मला. डाव्या मनगटावर चार बोटं उमटलेली. पिशवीत वर लोकरीचे गुंडे आणि खाली तुझी सर्टिफिकिटं. चौथा महिना लागल्याचं तू स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगितलंस आणि म्हणालीस, त्याला हे माहीत नाही, कळलं तर मला कधीच सोडणार नाही. दुपारच्या बसनं तुला मावशीकडे पाठवलं. त्या दिवसापासून घंटी वाजली की माझ्या हातातले टाके सुटतात.

आता रविवारचं सांगते. फोनवर सांगायला बसले असते तर तू घाबरली असतीस, म्हणून लिहितेय.

चारचा सुमार होता. घंटी वाजली, मला वाटलं इस्त्रीवाला. दार उघडलं तर तो, हातात सफरचंदांची पेटी. दाढी केलेली, शर्ट कडक. वाकून नमस्कार केला. मी बाजूला झाले की तोच आत शिरला, आता आठवत नाही. कोचावर जाकिटाचे तुकडे पसरलेले होते, जोडायला काढले होते ना. उचलायला सवडच मिळाली नाही. तो त्यांच्या शेजारी बसला.

आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाला, "आई, ती कुठे आहे तेवढं सांगा. मी भांडायला आलेलो नाही." मी म्हटलं, मला माहीत नाही. फोन करते, पण कुठून ते सांगत नाही. तो मान हलवत राहिला, आणि बोलता बोलता त्यानं झालेली बाही उचलली, दोन बोटांत धरली. त्याच्या बोटांत ती इवलीशी दिसत होती.

"हे कोणासाठी?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "वरच्या मजल्यावर गोड बातमी आहे. त्यांच्या सुनेला तिसरा लागलाय."

पोरी, वर कोण राहतं हे तुला माहीत आहे. मास्तर. एकटा जीव सदाशिव, लग्न नाही, सून कुठून आणणार? पण एकदा बोलले ते बोलले. सुया हातात घेतल्या आणि विणायला लागले. दोन सुलट, दोन उलट. वीण इतकी घट्ट येत होती की सुई टाक्यात शिरेना. तो बघत होता. म्हणाला, "तिलाही तुम्हीच शिकवलंत ना विणायला? फार छान विणते. मी किती सांगायचो, डोळे खराब होतील." सुया लपवून ठेवायचा तुझ्या, हे तू सांगितलेलं मला आठवलं. मी टाके मोजत राहिले.

तेवढ्यात पुन्हा घंटी वाजली. तो माझ्या आधी उठला. दारात मास्तर. "वरच्या मजल्यावरून आलो, तुमची शिडी परत करायला," म्हणाले. मी काही बोलायच्या आत हा हसून म्हणाला, "या, या. अभिनंदन. तुमच्या सुनेची गोड बातमी आहे म्हणे."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग कोचावरच्या पिवळ्या तुकड्यांकडे. त्यांना मी कधी काही सांगितलेलं नव्हतं. जिन्यात भेटले की पाणी आलं का, एवढंच आमचं बोलणं. मला वाटलं, संपलं सगळं.

मास्तरांनी शिडी सावकाश भिंतीला टेकवली. "हो," म्हणाले, "पण इतक्यात कोणाला सांगत नाही आम्ही. दृष्ट लागते. वहिनी, तुमच्या पोटात काही राहत नाही बघा." आणि सरळ येऊन त्याच्या समोरच्या खुर्चीत बसले. "चहा टाका. साखर बेताची."

मग ते हललेच नाहीत. त्याला नोकरी विचारली, गाव विचारलं, गणित कसं होतं विचारलं. शाळेत तो कोणत्या बाकावर बसायचा हेसुद्धा विचारलं. तासभर. याचं लक्ष घड्याळाकडे, माझ्याकडे, पुन्हा घड्याळाकडे. मास्तरांसमोर आवाज चढवता येईना आणि मास्तर काही उठेनात. शेवटी तोच उठला. मास्तर त्याला खालच्या फाटकापर्यंत सोडायला गेले. परत आले, शिडी होती तिथंच ठेवून म्हणाले, "दाराला साखळी लावून घ्या. आणि माझ्या सुनेला मुलगा झाला की मुलगी, ते वेळेवर कळवा म्हणजे झालं." इतक्या दिवसांत मी तेव्हा पहिल्यांदा रडले. नंतर त्या तासाभरातलं सगळं विणकाम उसवलं. ती वीण बाळाच्या अंगाला बोचली असती.

आता ते लिहिते, जे चार दिवस टाळतेय. तू मावशीला म्हणालीस, आईला मी काही कळू दिलं नाही, तिचा काय दोष. मावशीनं मला कौतुकानं सांगितलं आणि मी ऐकून घेतलं. ते खरं नाही. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तुझा फोन आला होता. मी म्हटलं, थांब गं, टाके मोजतेय. तू थांबलीस. मग म्हणालीस, "आई, मी चार दिवस येऊ का?" आणि मी विचारलं, जावईबापूंना विचारलंस का? त्यावर तू गप्प झालीस. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलीत मी. बोलणाऱ्याच्या शेजारी कोणी उभं असलं की माणूस कसा गप्प होतो, ते मला न दिसता कळतं. त्या दिवशीही कळलं होतं. पण नुकतंच तुझ्या आतेबहिणीचं लग्न मोडलं होतं, लोक बोलत होते, आणि मी मनाशी म्हटलं, नवीन संसार आहे, होईल सुरळीत. "हो, विचारते," म्हणून तू फोन ठेवलास. मी पुन्हा पहिल्यापासून टाके मोजले. तू कळू दिलं नाहीस असं नाही. मला कळून घ्यायचं नव्हतं.

हे आजच लिहायचं कारण, या पत्रासोबत एक बंद पाकीट आहे. रविवारी जाताना त्यानं सफरचंदांच्या पेटीखाली ठेवलं होतं, वर तुझं नाव. चार दिवस ते माझ्या कपाटात होतं. दोनदा गॅसपाशी नेलं, एकदा काडीही ओढली. पण तुझ्या वतीनं मी एकदा ठरवून बसले होते, त्याचं काय झालं ते दोघींनी पाहिलं. म्हणून न फोडता पाठवतेय. मावशीला शेजारी बसवून वाच, नाहीतर न वाचता जाळ. त्यात तो रडला असेल, शपथा घातल्या असतील. मला विचारशील तर जाऊ नकोस. पण मला विचारलंच पाहिजे असं नाही. फक्त एवढं धरून चाल की मागच्या वेळी तू हाक मारली होतीस आणि ती मला ऐकू आली होती. आता 'येऊ का' असं विचारायचं नाही. नुसतं यायचं.

इथून पुढे तुझ्याच बाजूची,
आई