बिब्ब्याचा डाग

२४ नोव्हेंबर २०११

कुसुमचा तेरावा झाला. पंगत बसली असताना हेमाने, तिच्या धाकट्या बहिणीने, वीस माणसांत मला विचारलं, "भावोजी, घरात एखादा बिब्बा शिल्लक आहे का अजून?" हेमाचा नवरा श्रीनिवास ताटाकडे बघत राहिला. मी मठ्ठा वाढत होतो. वाढत राहिलो.

२५ नोव्हेंबर

लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यात फिरणार नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी कुसुमच्या डाव्या टाचेला भेग पडली. बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला, तेलाचा थेंब भेगेत सोडला. आई हेच करायची. भेग भरली, काळा डाग राहिला. बिब्ब्याचा डाग राहतोच, काही आठवड्यांनी जातो. हा गेला नाही. पुन्हा दुखलं, पुन्हा बिब्बा. चार वेळा. दर वेळी मीच. तिला स्वतःची टाच नीट दिसायची नाही. विचारायची, "गेला का हो डाग?" मी म्हणायचो, "जाईल."

तीस वर्षं खडकीच्या कारखान्यात तपासणी खात्यात काढली. केसाएवढी चीर दिसली तर माल परत. टाच रोज समोर होती.

३० नोव्हेंबर

कोणी आलं नाही. बरं झालं.

६ डिसेंबर

राहिलेले कागद आणायला इस्पितळात गेलो. कॅन्सर कळल्यापासून आठ महिने जे विचारलं नाही ते आज डॉक्टरीणबाईंना विचारलं – माझ्यामुळे झाला का?

"नाही. कातडीचा हा कॅन्सर, मेलॅनोमा, बिब्ब्याने झाला असं म्हणता येणार नाही. पण डागावर डाग बसत गेला, त्यामुळे उशीर झाला."

म्हणजे अर्धी सुटका.

मग धोक्याचा डाग कसा ओळखायचा ते त्यांनी कागदावर काढून दाखवलं. डागाचे दोन भाग सारखे नसणं. कडा वेड्यावाकड्या. एकाच डागात दोन-तीन रंग. वाढत जाणं, रक्त येणं, जखम न भरणं. आपल्या लोकांत तो तळव्याला, नखाखाली जास्त सापडतो, आणि तिथे कोणी बघत नाही. नखात काळी रेघ दिसली तर लागलं असेल म्हणून सोडून द्यायचं नाही. दोन वर्षांपूर्वी हा कागद कोणी दाखवला असता तर! आता माझं पाठ आहे.

निघताना म्हणाल्या, "मिसेसना बहीण आहे ना? नात्यात होतोच असं नाही. पण त्यांनी एकदा तळवे, नखं दाखवून जावं. सांगाल ना?"

हो म्हणालो.

७ डिसेंबर

हेमाला फोन लावला. "बोला," म्हणाली, तेवढ्यात मी ठेवून दिला. तिच्या लेखी बिब्ब्याने झाला, म्हणजे माझ्या हाताने झाला. तिला स्वतःचे पाय बघायचं कारणच नाही.

१९ डिसेंबर

खालच्या तुळजाबाई जिन्यात भेटल्या. "काका, तुमची मेव्हणी सगळीकडं सांगत फिरती. म्हणती, आमच्या भावोजींनी घरीच दवाखाना थाटला होता." वर पुन्हा, "मी आपलं कानावर घातलं."

आभार मानले. ज्यांना सगळं माहीत आहे त्यांना आपण काय सांगायचं? नाही सांगणार.

१५ जानेवारी २०१२

संक्रांत. यंदा आपल्याकडे नाही.

ऑपरेशननंतर कुसुम काठी घेऊन चालायची. टाचेचं मांस काढलेलं. विचारणाऱ्याला सांगायची, पाय मुरगळला. म्हटलं, खरं सांग की. तर म्हणाली, "सांगितलं की लोक भेटायला येत नाहीत, बघायला येतात." अंघोळीच्या वेळी रोज जांघेत गाठ आली का ते चाचपून बघायची. बाहेर आली की "आज नाही," एवढंच. भाजी मिळाली नाही हे सांगावं तसं. जूनमध्ये एक दिवस काहीच बोलली नाही. मीही विचारलं नाही.

२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंचा कागद कपाटात वरच्या खणात ठेवला. समोर नको.

८ फेब्रुवारी

श्रीनिवास येरवड्याहून कुसुमच्या साड्या न्यायला आला. चहा घेतला. म्हटलं, हेमा नाही आली? माझ्या घरात विटाळ होतो का तिला?

"तसं नाही हो. चप्पल घालवत नाही तिला. अंगठ्याचं नख काळं पडलंय. दारात सापडलं असेल."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून असेल. मी म्हटलं, जाईल."

मी साड्यांचं गाठोडं बांधत होतो. दुसरी गाठ त्यानेच मारली.

९ फेब्रुवारी

सकाळी येरवड्याला गेलो. हेमाला खुर्चीत बसवलं, मी खाली बसलो. पाय हातात घेतला तर म्हणाली, "भावोजी, पायाला हात नका लावू, तुम्ही मोठे." लावला. नखात काळी पट्टी. कडेला एकीकडे पसरट. काळेपणा नखाबाहेर कातडीवर उतरलेला.

"लागलंय ते," ती म्हणाली.

"कधी लागलं?"

आठवेना तिला. मी कागद काढून सगळं सांगितलं. उद्या साडेनऊचा नंबर लावला आहे. ती बराच वेळ कागद बघत होती. मग तिने विचारलं, "हे तुम्हाला डॉक्टरांनी कधी सांगितलं?"

"सहा डिसेंबरला," मी म्हणालो.