लुक, सी आणि वॉच

३ तारीख, सोमवार
वर्ग सुरू झाला! पदवीनंतरची पहिली नोकरी. आमच्या घरातली पहिली पदवी, म्हणून बाबा ओळख नसलेल्यांनाही सांगतात.
चादरी धुण्याचा कारखाना, जेवणाची खोली, अकरा बायका. त्यातली एक आई. नव्या साहेबांनी ठरवलंय, इस्त्री विभागाची मुकादम इंग्रजीच्या परीक्षेतूनच निवडायची. शिकवायचं मी, गुणही मीच द्यायचे. आई तिथे बावीस वर्षं आहे. मुकादम व्हायचंय तिला. बोलली नाही, पण नवी वही आणली.
वर्गात मला 'मॅडम' म्हणते. घरी आल्यावर — "मॅडम, भांडी पडलीत."

५ तारीख, बुधवार
'से' म्हणजे म्हणणे. 'टेल' म्हणजे कुणाला तरी सांगणे. 'स्पीक' बोलणे, 'टॉक' म्हणजे गप्पा. वर्गातल्या सगळ्यात बोलक्या मावशींना कारखान्यात 'रेडिओ' म्हणतात. त्यांनी विचारलं, "मग मी दिवसभर करते ते काय?"
आई म्हणाली, "त्याला इंग्रजीत शब्द नाही."
मीही हसले. फळा पुसायचाच राहिला.

१० तारीख
चाचणी. 'लुक', 'सी', 'वॉच'. आई तिन्हीकडे 'सी'च लिहिते. समजावलं — नुसतं दिसतं ते 'सी', मुद्दाम नजर टाकली की 'लुक', काय होतंय यावर नजर ठेवून राहिलं की 'वॉच'. तिने मान हलवली. दहापैकी तीन.
बाबा म्हणाले, "आईला तरी सोडायचंस!" पण एक गुण वाढवला असता तर उरलेल्या दहाजणींना काय तोंड दाखवलं असतं?

११ तारीख
आज भांडी आईने स्वतःच घासली.

१३ तारीख
आई डबा विसरली, म्हणून द्यायला गेले. इस्त्री विभागात पहिल्यांदाच पाऊल टाकलं. रोलरचा आवाज असा की माझाच मला ऐकू येईना! आणि कुणी बोलतच नव्हतं. नुसते हात चालले होते. आईने डोळ्याजवळची दोन बोटं चादरीकडे नेली — तिकडे बघ. रेडिओमावशींनी कपाळाला बोट लावलं — दिसला डाग. मग आईने नव्या मुलीकडे मान वळवून मूठ छातीशी धरली. मावशी तिच्या शेजारी जाऊन उभ्याच राहिल्या, नजर तिच्या हातांवर. तीन खुणा, तीन अर्थ. कुठेच घोटाळा नाही.
बाहेर आल्यावर मावशींना विचारलं. म्हणाल्या, "तुझ्या आईनेच बसवल्यात. एकीची बोटं रोलरमध्ये गेली तेव्हापासून. ओरडलो होतो गं सगळ्या. ऐकू कुणाला जाणार?"
आई म्हणाली, "डबा दिलास ना? मग निघा, मॅडम."

१४ तारीख
जिथे तोंडाने बोलताच येत नाही, तिथली मुकादम इंग्रजी बोलण्यावरून निवडायची! आणि हा उद्योग मी मन लावून करतेय.
साहेबांना इंग्रजीत पत्र लिहिलं. आईचा उल्लेख नाही. एवढंच — ही परीक्षा नको, एक तास आत उभे राहा आणि बायकांचं काम पाहा. इथे 'लुक' की 'वॉच'? 'वॉच' लिहिलं.

१८ तारीख
साहेब आत तासभर उभे होते म्हणे!

२१ तारीख
परीक्षा रद्द. आई मुकादम झाली!
परीक्षा नाही तर वर्ग कशाला — सोमवारपासून येऊ नका, असं साहेबांनी मला सांगितलं. आईला अजून ठाऊक नाही. ती शेजारीपाजारी सांगत सुटलीय, "लेकीच्या वर्गामुळे झालं हो सगळं."